कर आणि कौल

नगरपालिकेने नवा कर बसविण्यापूर्वी नागरिकांची संमती मागावी, आणि कौल विरुद्ध गेल्यास तो कर मुकाट्याने सोडून द्यावा, अशी सूचना आपल्याकडे कोणी केली तर तिची थट्टाच होईल. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मात्र तसा कायदाच आहे. तेथे १९७८ च्या ‘तेराव्या प्रस्तावा’ने घरपट्टीचा मूळ दर एक टक्क्यावर रोखला, आणि १९९६ च्या ‘दोनशे अठराव्या प्रस्तावा’ने मतदारांस विचारल्यावाचून स्थानिक कर बसविण्यास बंदी केली. तेव्हापासून तिजोरीला ओहोटी लागली की तेथील लहान शहरे बहुधा एकाच वाटेने जातात. विक्रीकरात पाव, अर्धा किंवा एक टक्का स्थानिक भर घालू द्यावी, अशी विनंती घेऊन ती मतदारांपुढे उभी राहतात.

सान फ्रान्सिस्कोजवळील व्हॅलेहो या सुमारे सव्वा लाख वस्तीच्या शहराची कहाणी या दृष्टीने उद्‌बोधक आहे. तेथील आरमारी गोदी १९९६ साली बंद पडली. पुढे घरांच्या किमती कोसळल्या, उत्पन्न आटले; परंतु पोलीस व अग्निशामक दलांच्या वेतनकरारांचा बोजा तसाच राहिला. अखेर मे २००८ मध्ये शहराने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. पोलिसांची संख्या घटली, अग्निशामक ठाणी बंद झाली. अशा स्थितीत नोव्हेंबर २०११ मध्ये दहा वर्षांकरिता एक टक्का जादा विक्रीकर द्यावा, अशी मागणी मतदारांपुढे आली आणि ती निसटत्या बहुमताने का होईना, मान्य झाली. लोकांस विचारले तर कोणीच कर देणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच घडली. नव्या कराच्या उत्पन्नातील तीस टक्के रक्कम कोणत्या कामांवर खर्चावी हे रहिवाशांनीच सुचवावे व मताने ठरवावे, असा निर्णय नगरपरिषदेने २०१२ साली घेतला. २०१३ मध्ये झालेल्या मतदानात सोळा वर्षांवरील कोणाही रहिवाशास भाग घेता आला. ज्याने पैसा दिला त्याला त्या पैशाच्या विनियोगात वाटा मिळाला, हे या प्रयोगाचे खरे मर्म होय.

या पद्धतीत दोष नाहीत असे नव्हे. विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेला कर मागावयाचा तर नगरपरिषदेस दोन तृतीयांश मते लागतात. सर्वसाधारण निधीसाठी मागावयाचा तर साधे बहुमत पुरते. त्यामुळे प्रचारात रस्ते व पोलीस यांची वचने द्यावयाची आणि कायद्याने मात्र कशासही बांधून घ्यावयाचे नाही, ही चलाखी सुलभ होते. दुसरे असे की, विक्रीकर श्रीमंत-गरीब पाहत नाही. घरी शिजवावयाचे अन्न व डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे यांना तेथे सूट आहे खरी. तरीही मिळकतीच्या मानाने गरिबावरच भार अधिक पडतो. शिवाय तात्पुरता कर तात्पुरता राहतोच असे नाही. व्हॅलेहोच्या करावरील दहा वर्षांची मर्यादा २०१६ सालीच दूर झाली. मात्र तीही मतदारांना विचारून, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रातील महापालिकांचे जकात हे एके काळी स्वतःचे हुकमी उत्पन्न होते. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच मुंबईतील जकातही संपली. आता राज्य सरकारकडून भरपाई मिळते. जकात नाक्यांवरील खोळंबा व लाचलुचपत यांसाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु जी संस्था सरकारी हप्त्याकडे डोळे लावून बसते, तिला नागरिकांपुढे हिशेब मांडण्याची निकड उरत नाही. त्यातच मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई व पुणे या महापालिकांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती राहिला. कर भरावयाचा, पण तो कसा खर्च होतो हे विचारण्यास आपला नगरसेवकही नाही, अशी नागरिकांची अवस्था झाली.

प्रत्येक करावर सार्वमत घ्यावे, असे आमचे म्हणणे नाही. पुण्याने २००६ पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना मागविण्याचा चांगला पायंडा पाडला आहे. परंतु सूचना म्हणजे निर्णय नव्हे. क्षेत्रसभांची तरतूद २००९ पासून कायद्यात आहे. ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. या सभा भरवाव्यात, प्रभागाच्या निधीतील ठराविक हिस्सा त्यांच्या मताने खर्च व्हावा, आणि पट्टी वाढविण्यापूर्वी कारण, मुदत व मागील वर्षाचा हिशेब या तीन गोष्टी जाहीर व्हाव्यात. यासाठी फारसा खर्च लागत नाही; इच्छा मात्र लागते.

आणि नागरिकांसही एक सांगणे आहे. रस्त्यातील खड्ड्यावर बोलणारे आपण महापालिकेचे अंदाजपत्रक वाचतो काय? विचारले जाण्याचा हक्क ज्याला हवा, त्याने उत्तर देण्याची तयारीही ठेवली पाहिजे.