लघुप्रबंध विकत मिळतो. मार्गदर्शन मिळत नाही

परीक्षांचा हंगाम जवळ आला, की विद्यापीठांच्या परिसरातील झेरॉक्सच्या आणि बाइंडिंगच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. तेथे केवळ छपाई होते असे समजण्याइतके भाबडे आता कोणी राहिलेले नाही. विषय सांगावा, पृष्ठसंख्या सांगावी, पैसे मोजावेत आणि आठ-पंधरा दिवसांत सोनेरी अक्षरांत स्वतःचे नाव छापलेला लघुप्रबंध घेऊन जावे, असा हा व्यवहार आहे. ज्यांच्याजवळ तेवढेही पैसे नाहीत, त्यांना आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे फुकटात प्रकरणे लिहून देऊ लागली आहेत. या साऱ्याला ‘विद्यार्थी साहाय्य’ असे गोंडस नाव आहे. त्याविषयी बोलताना विद्यापीठांचे अधिकारी विद्यार्थ्यांच्या नीतिभ्रष्टतेवर प्रवचन देतात. परंतु जी वस्तू पुरविण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थेवर आहे, ती तिने देणे थांबविले की काळा बाजार उभा राहतो, हा अर्थशास्त्रातला साधा नियम आहे. रेशनच्या दुकानात धान्यच नसेल, तर काळ्या बाजारात जाणाऱ्या माणसाला दोष देऊन भागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या बाबतीत ही न मिळणारी वस्तू म्हणजे मार्गदर्शन.

हे सर्वच विषयांत घडते. तथापि गुन्हेगारीशास्त्राच्या लघुप्रबंधात ते घडले, म्हणजे त्याचा फटका केवळ विद्यार्थ्याच्या ज्ञानाला बसत नाही. तो अशा माणसाला बसतो, ज्याला तक्रार करण्याची सोयच नाही. ‘पन्नास कैद्यांच्या मुलाखतींवरून असे आढळते की...’ असे वाक्य प्रबंधात लिहिले जाते. ते पन्नास कैदी कोणालाही भेटलेले नसतात. त्यांची निरक्षरता, त्यांची व्यसने, त्यांची ‘विघटित कुटुंबे’ हे सारे कोणीतरी टेबलाशी बसून ठरविलेले असते. पुढे हाच प्रबंध दुसऱ्या प्रबंधाचा आधार होतो आणि गरीब माणूस जात्याच गुन्ह्याकडे झुकलेला असतो, या जुन्या पूर्वग्रहाला शास्त्राचा शिक्का मिळतो. साहित्याचा विद्यार्थी उसना लेख देतो तेव्हा तो स्वतःला फसवितो. गुन्हेगारीशास्त्राचा विद्यार्थी खोटी मुलाखत देतो तेव्हा तो तुरुंगातल्या माणसाविरुद्ध खोटी साक्ष देतो.

या रोगावर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये औषध काढले. त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे प्रबंधातील मजकूर इतर मजकुराशी किती टक्के जुळतो हे संगणकाकडून तपासून घ्यायचे. १० टक्क्यांपर्यंत माफी, त्यापुढे चढत्या श्रेणीने शिक्षा. पदव्युत्तर लघुप्रबंधालाही हे नियम लागू आहेत. चोरीला आळा घालणे योग्यच. परंतु हे यंत्र चोरलेले वाक्य पकडते, रचलेला कैदी पकडत नाही. उलट, संपूर्ण कपोलकल्पित मुलाखत ही त्या यंत्राच्या दृष्टीने सर्वांत ‘स्वतंत्र’ लेखन ठरते! जो शिक्षक विद्यार्थ्याला दर पंधरवड्याला भेटतो, त्याची टिपणवही पाहतो, ‘हा माणूस तुला कोठे भेटला, त्याने नेमके काय शब्द वापरले?’ असे विचारतो, त्याच्यापुढे मात्र ही बनवाबनवी एक महिनाही टिकत नाही. म्हणजे अप्रामाणिकपणावरचा खरा उपाय तपासणीत नाही, सहवासात आहे. आयोगाने दंड ठरविला. सहवासासाठी वेळ आणि पैसा कोण देणार हे मात्र ठरविले नाही.

मार्गदर्शन म्हणजे विद्यार्थ्याच्या हाताला धरून लिहून घेणे नव्हे. या विषयात त्याचा अर्थ फार ठोस आहे. पहिली गोष्ट आकडे वाचण्याची. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी जे कोष्टक छापतो, त्यात घडलेले गुन्हे नसतात, पोलिसांनी नोंदविलेले गुन्हे असतात. एका प्रकरणात अनेक गुन्हे असले तरी त्यांतील सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. ज्या राज्यात पोलीस तक्रार सहज लिहून घेतात ते राज्य कागदावर अधिक गुन्हेगार दिसते, आणि जेथे ठाण्याच्या पायरीवरूनच बाईला परत पाठवितात ते राज्य शांत दिसते. हे ज्याला कोणी सांगितलेले नाही, तो विद्यार्थी दोन राज्यांचे आकडे शेजारी मांडून निष्कर्ष काढणारच. दुसरी गोष्ट संमतीची. जो माणूस कुलपाआड आहे, ज्याची भेट, ज्याचे पत्र, ज्याची रजा अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याचा ‘होकार’ कितपत खरा? त्याचा खटला चालू असेल, तर त्याने सांगितलेली गोष्ट छापल्याने त्याचे काय होईल? हे प्रश्न पंचवीस वर्षांच्या मुलामुलीने एकट्याने सोडवावेत अशी अपेक्षा करणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

तिसरी गोष्ट प्रवेशाची. २०१२ च्या दिल्लीतील अत्याचार प्रकरणावरील माहितीपटात कैद्याची मुलाखत घेतली गेल्यावरून वाद उठला आणि २०१५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने संशोधक, पत्रकार व इतरांच्या तुरुंगभेटींविषयी कडक सूचना काढल्या. तुरुंग हा राज्याचा विषय. त्यामुळे अर्ज राज्याच्या दारात. लघुप्रबंधाला अवधी काही महिन्यांचा, आणि सरकारी टेबलांना घाई कधीच नसते. परवानगी येईपर्यंत प्रबंध सादर करण्याची तारीख उलटते. मग विद्यार्थी काय करतो? वसतिगृहातल्या शंभर मित्रांना ‘गुन्हेगारीविषयी आपले मत काय?’ अशी प्रश्नावली वाटतो. त्या कागदांना गुन्हेगारीशास्त्र म्हणायचे तर चहाच्या टपरीवरील गप्पांनाही म्हणावे लागेल.

तथापि तुरुंगाचे दार बंद असले म्हणजे काहीच करता येत नाही, हेही खरे नव्हे. आणि चांगल्या मार्गदर्शकाचे मोल येथेच कळते. सुकन्या शांता या पत्रकार महिलेने राज्याराज्यांच्या कारागृह नियमपुस्तिका चिकाटीने तपासल्या. अमुक जातीने स्वयंपाक करावा, अमुक जातीने संडास साफ करावेत, अशा आशयाच्या तरतुदी स्वतंत्र भारताच्या तुरुंगांत सात दशकांनंतरही नांदत आहेत, हे त्यांनी २०२० मध्ये उजेडात आणले. त्यांच्याच याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. नियमपुस्तिका हा काही गुप्त दस्तऐवज नव्हे. त्या ओळीने वाचणे, एकमेकींशी ताडून पाहणे, हे काम एका लघुप्रबंधाच्या आवाक्यातले होते. ते विद्यापीठांच्या हातून आधीच का घडले नाही? विद्यार्थी मठ्ठ होते म्हणून नव्हे. ‘तू हे पुस्तक उघड’ असे सांगायला वेळ असलेला शिक्षक त्यांच्या वाट्याला आला नाही म्हणून.

असे विषय आजही रस्त्यावर पडलेले आहेत. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे शंभरातले सुमारे ७६, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा शाबीत झालेला नव्हता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांखेरीज इतर गुन्ह्यांत, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ भोगला असल्यास त्याला सोडावे अशी तरतूद आहे. एका जिल्ह्याच्या न्यायालयात बसून, ही तरतूद प्रत्यक्षात किती जणांपर्यंत पोहोचते आणि किती जण जामीनदार नाही म्हणून आतच राहतात, एवढे जरी प्रामाणिकपणे मोजले, तरी तो लघुप्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडणार नाही. शासनाची कोष्टके अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास असे रकाने देतात. विमुक्त जमातींचा रकाना त्यांत नाही. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या कपाळावर जन्मतःच ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला आणि १९५२ मध्ये तो पुसला असे जाहीर झाले, त्या पारधी, बेरड, कैकाडी, उचल्या समाजांतील किती माणसे आज गजांआड आहेत? २०२४ च्या निकालाने तुरुंगाच्या नोंदवहीतील जातीचा रकानाही काढून टाकण्यास सांगितले. भेदभाव थांबावा म्हणून ते योग्यच झाले. पण त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जबाबदारी संशोधकावर अधिकच येऊन पडते.

महाराष्ट्राला या समाजांचे जीवन कळले ते १९८० च्या ‘उपरा’मधून आणि १९८७ च्या ‘उचल्या’मधून, गुन्हेगारीशास्त्राच्या प्रबंधांतून नव्हे. आत्मकथेने शास्त्राला लाजविले. या वस्त्यांतील मुलेमुली आज पदव्युत्तर वर्गांपर्यंत येऊन पोहोचत आहेत. पोलिसांची पहाटेची धाड काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. परंतु नेमकी हीच मुले मार्गदर्शनाअभावी सर्वांआधी कोलमडतात. ज्याच्या घरात वकील आहे, काका पोलीस खात्यात आहे, त्याला परवानगीही मिळते आणि इंग्रजीही सुधारून मिळते. पालावरच्या मुलीला यातले काहीच नाही. ‘पदव्युत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे’ हे तत्त्व ऐकायला भारदस्त आहे. पण ते सांगणाऱ्यांच्या पायांखाली पिढ्यान्‌पिढ्यांची फरसबंदी असते. समान स्पर्धेच्या नावाखाली जुनी विषमता कशी राखावी, याचा हा उत्तम नमुना होय.

या शास्त्राचा इतिहासही हेच सांगतो. विलेम बाँगर या डच समाजवाद्याने १९०५ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठाला जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता गुन्हेगारी आणि आर्थिक परिस्थिती. गुन्हेगार कवटीच्या आकारावरून ओळखावा असे सांगणाऱ्यांचा तो काळ. त्या काळात नफ्यावर उभी असलेली समाजव्यवस्था माणसातील परार्थबुद्धी कशी मारते, हे एका विद्यार्थ्याने मांडले आणि विद्यापीठाने ते मांडू दिले. उलट अमेरिकेत एडविन सदरलँड यांनी ७० बड्या कंपन्यांच्या कायदेभंगाचा अभ्यास केला, तेव्हा १९४९ च्या पुस्तकातून कंपन्यांची नावे गाळावी लागली. संपूर्ण ग्रंथ छापला जायला १९८३ साल उजाडले. खिसेकापूचे नाव छापायला कोणी हरकत घेत नाही. भांडवलदाराचे नाव आले की मात्र बदनामीचा कायदा आठवतो. नामवंत प्राध्यापकाची ही गत, तर मग मजुरी बुडविणाऱ्या ठेकेदारावर वा बुडीत पतसंस्थेवर लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी संस्थेने उभे राहायला नको काय?

यावर खर्चाचा प्रश्न हमखास पुढे केला जातो. तेव्हा हिशेबच मांडू. समजा, एका शिक्षकाकडे २० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाला तो पंधरवड्यातून एक तास देतो. ४० आठवड्यांच्या वर्षात हे ४०० तास होतात; म्हणजे आठवड्याला १० तास. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचे असते. त्यावर हे १० तास, शिवाय वाचन, दुरुस्त्या, पत्रव्यवहार! जेथे पदे रिकामी ठेवून तासिका तत्त्वावर माणसे नेमली जातात, तेथे तर वर्गातल्या तासापुरतेच पैसे मिळतात; तुरुंगाच्या दारात विद्यार्थ्यासोबत घालविलेल्या दिवसाचे मोल शून्य. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था ही या क्षेत्रातील जुनी आणि मान्यवर संस्था. तिच्या ‘प्रयास’ प्रकल्पाने १९९० पासून पोलीस ठाण्यांत व तुरुंगांत काम करून, विद्यापीठ आणि कैदी यांच्यात प्रामाणिक नाते जडू शकते हे दाखवून दिले. त्याच संस्थेत जून २०२४ च्या अखेरीस देणगीदाराच्या निधीवर नेमलेल्या शंभराहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा मिळाल्या. ओरड झाल्यावर दोन दिवसांत त्या मागे घेतल्या गेल्या. ज्या शिक्षकाची नोकरीच देणगीच्या धाग्याला लोंबकळते आहे, त्याने विद्यार्थ्याला निर्भय संशोधन कसे शिकवावे?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तुरुंगात परका माणूस शिरला की शिस्त बिघडते, असे अधिकारी म्हणतात. शिस्त बिघडत नाही, अंधार बिघडतो. आणि अंधाराची गरज कोणाला असते, हे सांगायला गुन्हेगारीशास्त्राची पदवी लागत नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. मार्गदर्शनाचे तास शिक्षकाच्या कार्यभारात धरा आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकाला त्यांचे पैसे द्या. एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी, याला मर्यादा घाला. विद्यापीठ आणि कारागृह विभाग यांच्यात कायमचा करार होऊ द्या. विद्यार्थ्याच्या अर्जावर ३० दिवसांत लेखी निर्णय आणि नकार असेल तर कारण, असा नियम करा. कैद्याच्या संमतीची छाननी करणारी समिती नेमा आणि तिच्यात तुरुंगवास भोगून बाहेर आलेल्या माणसालाही बसवा. प्रवासखर्च आणि दुभाष्याचा खर्च विद्यापीठाने उचलावा. लघुप्रबंध मराठीत लिहिण्याचा हक्क कागदावर नव्हे, तर मराठीत तपासू शकणाऱ्या परीक्षकांसह मिळावा. आणि प्रत्येक प्रबंधाचा सारांश, ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्यापर्यंत, तुरुंगाच्या वाचनालयापर्यंत पोहोचावा. म्हणजे आपल्याविषयी काय लिहिले गेले हे त्यांनाही कळेल.

यातली एकही मागणी क्रांतीची नाही. शाळेत खडू-फळा असावा, इतकी ती साधी आहे. पण ती मान्य करायची तर दोन गोष्टी आधी मान्य कराव्या लागतील: विद्यार्थी हा ग्राहक नाही, आणि कैदी हा कच्चा माल नाही. या दोघांमध्ये उभा राहणारा शिक्षक विद्यापीठाने काढून घेतला आणि ती जागा दुकानाने भरली. दुकान बंद करण्यासाठी पोलीस पाठवून उपयोग नाही. शिक्षक परत आणा. दुकान आपोआप ओस पडेल.