'जाऊ द्या हो' म्हणणारी सभा

राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने निर्मिलेला, कुंदन शाह दिग्दर्शित 'जाने भी दो यारों' हा चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. चार दशके उलटली तरी त्याची गणना निखळ विनोदी चित्रपटांत केली जाते. निखळ? ज्या कथेत बिल्डर तरनेजा महापालिका आयुक्ताचा खून करतो, लाचेवर उभारलेला पूल कोसळतो आणि तुरुंगात मात्र खुनाचा छडा लावणारे दोन निर्धन छायाचित्रकार जातात, तिच्यात निखळ ते काय?

तरनेजाची चीड येणे सोपे आहे. भय वाटावे ते भक्ती बर्वे यांनी साकारलेल्या संपादिकेचे. तिच्या पत्राचे नावच 'खबरदार'! पुरावा हाती येताच ती तो छापत नाही, त्याची किंमत ठरवू लागते. राखणदारच गिऱ्हाईक शोधू लागला, की चोराला कुलूप तोडावे लागत नाही.

अखेरीस आयुक्ताचे प्रेत द्रौपदीच्या वेषात महाभारताच्या रंगमंचावर येते. त्याच्यासाठी सारे लोभी एकमेकांशी झोंबतात आणि समोरचे प्रेक्षक पोट धरून हसतात. व्यासांच्या द्यूतसभेत द्रोणाचार्य मौन राहिले. पण विदुराने निषेध केला, खुद्द कौरवांतला विकर्ण उठून उभा राहिला. या नाट्यगृहात विकर्ण नाही.

त्या प्रेक्षकांत आपण नाही, असे कोणत्या सुशिक्षित कुटुंबाने छातीवर हात ठेवून म्हणावे? घराचा व्यवहार ठरताना 'काळे किती, पांढरे किती' हा प्रश्न सुसंस्कृत दिवाणखान्यातच विचारला जातो. कमी किमतीचा दस्त नोंदवायचा, उरलेली रक्कम पिशवीतून पोहोचवायची आणि त्याच वास्तूत सत्यनारायण घालायचा! भोगवटा प्रमाणपत्राची चौकशी एखाद्याने केलीच, तर उत्तर तयार असते : 'जाऊ द्या हो, सगळेच करतात.' चित्रपटाच्या नावाचे याहून चपखल मराठी भाषांतर नाही. तरनेजा आकाशातून पडत नाही. तो याच उत्तरावर पोसला जातो.

राष्ट्राच्या चारित्र्यावर व्याख्याने पुष्कळ झाली. पुढचा व्यवहार ठरेल तेव्हा घरातल्या एकाने तरी पूर्ण रकमेची पावती मागावी. कदाचित व्यवहार फिसकटेल, आप्त हसतील. विकर्णालाही कर्णाने दटावून बसवले होते. तरी तो बोलला होता.