विश्लेषण : मिरकरवाड्याच्या बोटीवरचा जीपीएस आणि अवकाशातील लहरी… उपग्रहांना चुंबकीय ‘कान’ कशासाठी हवेत?

पावसाळी मासेमारी बंदी उठली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून नौका खोल समुद्राकडे निघतात. तांडेलाच्या हाताशी आता होकायंत्राच्या जोडीला जीपीएसचा पडदा असतो. त्याला ठावठिकाणा सांगणारे उपग्रह सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यातून फिरतात. त्या पट्ट्यात काय खळबळ चालली आहे, हे कळते ते चुंबकीय संवेदकांमुळे.

प्लाझ्मा लहरी म्हणजे काय?

सूर्याकडून इलेक्ट्रॉन आणि आयनांचा, म्हणजेच प्लाझ्माचा, झोत अखंड येत असतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र त्यातला बराचसा भाग बाजूला वळवते, पण काही कण त्या क्षेत्रात अडकतात. त्यांचेच पट्टे बनतात. त्यांना व्हॅन ॲलन पट्टे म्हणतात. या विरळ प्लाझ्मात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची आंदोलने उठतात, त्या प्लाझ्मा लहरी. त्यातल्या ‘कोरस’ लहरींची वारंवारता शेकडो ते काही हजार हर्ट्झ असते. हे संकेत ध्वनिक्षेपकावर ऐकवले तर पहाटेच्या पाखरांच्या किलबिलाटासारखे वाटतात. प्रत्यक्षात तो ध्वनी नसतो.

त्यांची दखल का घ्यायची?

कोरस लहरी इलेक्ट्रॉनना ऊर्जा देऊन जवळजवळ प्रकाशाच्या वेगापर्यंत नेऊ शकतात. असे इलेक्ट्रॉन उपग्रहाचे आवरण भेदून आत साचतात आणि साचलेला विद्युतभार अचानक मोकळा झाला की मंडल जळू शकते. उलट काही लहरी याच इलेक्ट्रॉनना वातावरणात लोटून पट्टा रिकामा करतात. ‘नासा’च्या व्हॅन ॲलन प्रोब्ज या जुळ्या यानांनी २०१२ ते २०१९ या काळात हा खेळ जवळून टिपला. सुमारे ३६ हजार किलोमीटरवरचे ‘नाविक’चे उपग्रहही बाह्य पट्ट्याच्याच टापूत आहेत.

संवेदक काम कसे करतो?

यासाठी मुख्यत्वे दोन प्रकार वापरले जातात. ‘फ्लक्सगेट’ सावकाश बदलणारे क्षेत्र मोजतो. ‘सर्च कॉइल’ वेगाने बदलणारे क्षेत्र टिपतो. त्यात चुंबकीय गाभ्यावर बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. क्षेत्र बदलले की तारेत विद्युतदाब निर्माण होतो, म्हणजे शाळेत शिकलेला फॅरेडेचा नियमच. तीन दिशांना तीन गुंडाळ्या लावल्या की लहर कोणत्या दिशेने चालली आहे, याचाही अंदाज येतो.

अडचण असते ती संकेताच्या क्षीणपणाची. कोकणात जमिनीवर पृथ्वीचे क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लांच्या आसपास आहे, तर कोरस लहरींचे अनेकदा एका नॅनोटेस्लाहूनही कमी. शिवाय यानातली विद्युत यंत्रणा स्वतःचा चुंबकीय गोंगाट करते. म्हणून संवेदक लांब दांड्यावर, यानापासून दूर बसवतात.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

गोंगाटापासून दूर जाण्याचा हा धडा कोकणाने शंभर वर्षांपूर्वीच गिरवला. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात हे काम अलिबागला हलवले गेले. १९०४ पासून तिथे नोंदी सुरू आहेत. सप्टेंबर १८५९ च्या महाकाय सौरवादळात कुलाब्याने क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घट नोंदवली होती. आजही त्या वादळाची तीव्रता ठरवताना जगभरचे संशोधक ही नोंद पाहतात. अलिबागची वेधशाळा सांभाळणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था नवी मुंबईत आहे.

भारताची अवकाशातील तयारी किती?

२ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले ‘आदित्य एल-१’ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे. त्याच्या सहा मीटर लांब दांड्यावर तीन आणि सहा मीटर अंतरावर दोन फ्लक्सगेट संवेदक आहेत. दोन्ही नोंदींची तुलना केली की यानाचा स्वतःचा गोंगाट वजा करता येतो. सौरवाऱ्यातील बदलाची चाहूल त्यातून साधारण तासभर आधी लागू शकते. मात्र आदित्यच्या सात उपकरणांत सर्च कॉइल नाही. ते यान दारावरचा पहारेकरी आहे. घरात काय चालले आहे, ते त्याला दिसत नाही.

मग काय व्हायला हवे?

परदेशी मोहिमांची माहिती खुली असताना वेगळा खर्च कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. पण व्हॅन ॲलन प्रोब्जचे इंधन संपले आणि ती नोंदही थांबली. उसन्या माहितीची मुदत आपल्या हाती नसते. उपग्रहातील प्रत्येक बिघाडाचे खापर अवकाशातील हवामानावर फोडता येत नाही, हेही खरे. ‘नाविक’च्या सुरुवातीच्या उपग्रहाला दगा दिला तो अणुघड्याळांनी. पण बिघाड यंत्राचा की परिस्थितीचा, हे ठरवायचे तर परिस्थितीची नोंद जवळ हवी.

मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हान्लेच्या आकाशात लाल प्रभा दिसली. त्या छायाचित्रांचे कौतुक काही दिवसांत ओसरले. त्यानंतर उरायला हव्यात त्या नोंदी. भारताने पृथ्वीनजीकच्या कक्षेत सर्च कॉइल पाठवावी, पुढच्या दिशादर्शन उपग्रहांवर लहान चुंबकीय संवेदक बसवावेत आणि ती माहिती महाविद्यालयांपर्यंत खुली करावी. कुलाब्यात नोंदी ठेवणाऱ्यांना १८५९ मध्ये त्यांचा उपयोग ठाऊक नव्हता. त्यांनी त्या ठेवल्या, म्हणून आज त्या कामी येत आहेत. रात्री बंदराकडे परतणाऱ्या तांडेलाला प्लाझ्मा लहरींचे नावही ठाऊक असायचे कारण नाही. त्याच्या पडद्यावरचा ठिपका जागेवर राहावा, एवढी काळजी मात्र देशाने घ्यायला हवी.