शेवटचा राक्षस आणि मुलांच्या गोष्टीचा शेवट



नववी-दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात कथालेखन असतं. ते तपासणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत आहे: मुलांची सुरुवात बरी असते, शेवट मात्र फसतो. 'तेवढ्यात पोलीस आले.' 'आईने हाक मारली आणि मला जाग आली.' 'अशा प्रकारे सर्वजण आनंदाने राहू लागले.' मग आपण लाल पेनाने शेरा मारतो, 'शेवट परिणामकारक हवा'. आता परिणामकारक म्हणजे नक्की काय, हे त्या शेऱ्यातून मुलाला कसं कळणार?

माझं मत जरा वेगळं आहे. चांगला शेवट कसा असतो, हे यातल्या पुष्कळ मुलांना आधीच ठाऊक असतं. ते त्यांना व्हिडिओ गेममधून कळलेलं असतं आणि वर्गात त्याबद्दल कोणी विचारत नाही, एवढंच. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या कुठल्याही सोसायटीत जिन्यावर बसलेल्या मुलांना 'शेवटचा बॉस कसा हरवला?' असं विचारून बघा. निबंधात चार ओळींवर अडकणारा मुलगा दहा मिनिटं न थांबता बोलतो, तेही क्रम न चुकवता.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगते. साहसी गेममध्ये प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक मोठा शत्रू असतो, त्याला मुलं 'बॉस' म्हणतात. सगळ्या गोष्टीच्या शेवटी जो भेटतो तो शेवटचा बॉस.

या बाबतीत 'द लेजेंड ऑफ झेल्डा' ही जपानच्या निन्टेन्डो कंपनीची मालिका अभ्यास करण्यासारखी आहे. १९८६ पासून ती चालू आहे. लिंक नावाचा मुलगा, झेल्डा नावाची राजकन्या आणि बहुतेक भागांत गॅनन हा शत्रू. पात्रं तीच, तरी शेवटच्या लढाया वेगवेगळ्या कारणांनी लक्षात राहतात.

१९९८ च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये गॅननडॉर्फ प्रकाशाचा गोळा फेकतो. तो तलवारीने परत त्याच्याच अंगावर टोलवायचा असतो, अगदी बॅडमिंटनसारखा. ही युक्ती शेवटी अचानक येत नाही. बरंच आधी, जंगलातल्या मंदिरात, त्याच्याच मायावी रूपाशी लढताना खेळणारा ती शिकलेला असतो. पुढे गॅनन अक्राळविक्राळ रूप घेतो आणि लिंकच्या हातातली मुख्य तलवार उडून आगीच्या रिंगणाबाहेर पडते. आता वाटेत मिळवलेली दुसरी हत्यारं काढावी लागतात. आणि नावी ही चिमुकली परी, जिला पहिल्या लढाईत जवळ येता आलं नव्हतं, ती या वेळी बरोबर उभी राहते.

२००२ च्या 'द विंड वेकर'मध्ये झेल्डा नुसती सुटकेची वाट बघत बसत नाही. तिचे बाण गॅननडॉर्फ चुकवतो, तेव्हा ती बाण लिंकच्या ढालीवर मारते आणि तो ते शत्रूकडे वळवतो. त्या आरशासारख्या ढालीने प्रकाश वळवायला आपण आधीच्या एका मंदिरात शिकलेलो असतो. शिवाय या भागातला गॅननडॉर्फ लढण्याआधी आपल्या वाळवंटी मुलखातल्या जीवघेण्या वाऱ्याबद्दल बोलतो. तो दुष्ट आहेच, पण त्याला हे राज्य का हवं होतं ते कळतं. म्हणून तो हरल्यावर नुसता आनंद होत नाही, थोडं वाईटही वाटतं.

२०१७ चा 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' तर भलताच मोकळा. सुरुवातीचं पठार ओलांडलं की सरळ गॅननवर चालून जाता येतं, कोणी अडवत नाही. पण वाटेतले चार अजस्र यंत्रप्राणी आधी मुक्त केले असतील, तर लढाईच्या आरंभी तेच गॅननची निम्मी ताकद काढून घेतात. केले नसतील, तर त्यांच्यावर कब्जा केलेले चारही शत्रू किल्ल्यात आधी समोर येतात. आधी काय केलं आणि काय टाळलं, याचा सगळा हिशेब शेवटी होतो.

या तिन्हींत एक सूत्र आहे. शेवटी लागणारी वस्तू, युक्ती आणि माणूस, तिन्ही आधीच्या गोष्टीत येऊन गेलेले असतात. शेवटी पोलीस यायचे असतील, तर त्यांची चाहूल आधी लागायला हवी!

हे काही परदेशातून आलेलं शहाणपण नाही. नवरात्रात कल्याणच्या दुर्गाडीवर जत्रेला गर्दी होते, तिथल्या देवीच्या महिषासुराची गोष्ट आठवा. देवीमाहात्म्यात तो रेडा, सिंह, खड्गधारी पुरुष, हत्ती आणि पुन्हा रेडा अशी रूपं बदलत लढतो. आणि देवीच्या हातातलं त्रिशूळ शंकराचं, चक्र विष्णूचं, वज्र इंद्राचं. सगळ्यांनी दिलेलं सगळं शेवटी कामी येतं. गॅननची बदलती रूपं आपल्या मुलांना ओळखीची वाटली, तर नवल नाही.

आपल्या पुण्यातल्या नोडिंग हेड्स गेम्सने तर याच मुशीतून 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम केला. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीचा प्रयत्न केला, तो यशस्वी झाला नाही. तरी ते थांबले नाहीत आणि ऑगस्ट २०२० मध्ये गेम बाहेर आला. असुर धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि राजी त्याला शोधायला निघते. दुर्गेचं त्रिशूळ तिच्या हाती येतं, शेवटी महाबलासुर समोर येतो. चित्रं, वास्तू, कथा, सगळं आपल्या मातीतलं. मात्र शेवट घाईत आटोपल्यासारखा अनेक खेळाडूंना वाटला. माझ्या दृष्टीने वर्गासाठी हेही उदाहरण उत्तम. 'काय राहून गेलं असं वाटतं?' हा प्रश्न विचारला की मुलं समीक्षकासारखी बोलायला लागतात.

पालकांची शंका मला माहीत आहे: 'मॅडम, आधीच मोबाइल सुटत नाही, त्यात तुम्ही गेमचं कौतुक करताय!' वेळेची मर्यादा हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण सगळे गेम एका मापाने मोजू नका. मोबाइलवरच्या बंदुकीच्या ऑनलाइन गेममध्ये सामना संपतो, गोष्ट संपत नाही. पुन्हा विमानातून उडी, पुन्हा तेच. गोष्टीच्या गेमला शेवट असतो आणि तो झाला की मूल समाधानाने बाजूला होऊ शकतं. शिवाय यासाठी महागडं यंत्र विकत घ्यायची अजिबात गरज नाही. बरीच मुलं या लढाया यूट्यूबवर बघूनच पाठ झालेली असतात. एखाद्या मुलाला गेम माहीत नसेल, तर सिनेमा किंवा आजीने सांगितलेली गोष्ट चालेल.

वर्गात काय करता येईल? मुलांना आवडलेल्या शेवटच्या लढाईबद्दल तीन प्रश्न विचारा.

१. शेवटी उपयोगी पडलेली वस्तू किंवा युक्ती नायकाला आधी कुठे मिळाली होती?
२. शेवटी कोण मदतीला आलं आणि ते का आलं?
३. समोरच्याला काय हवं होतं?

मग हेच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या कथेला लावा. समजा, गोष्ट अशी: पावसाने लोकल बंद पडल्या आणि कल्याण स्टेशनच्या गर्दीत धाकटा भाऊ हरवला. पहिल्या खर्ड्यात शेवट येतो, 'पोलिसांनी त्याला आणून दिले.' आता मुलाला सांगा, शेवट बदलायचा तर पहिल्या परिच्छेदात जा. तिथे बहीण-भाऊ खेळताना एक खूण ठरवतात: दोन टाळ्या, थोडं थांबून एक टाळी. मधे ताई त्याच्यावर चिडून म्हणते, 'बंद कर ते टाळ्या वाजवणं!' आणि शेवटी फलाटावरच्या गोंगाटात तिला ऐकू येतं: दोन टाळ्या, थोडं थांबून एक. कथेत भर पडली ती जेमतेम तीन वाक्यांची, पण शेवट वाचताना अंगावर काटा येतो.

हे समजावताना 'परिणामकारक' हा शब्द एकदाही वापरावा लागत नाही. 'तुझ्या लिंकला ती ढाल आधी कुठे मिळाली होती?' एवढं विचारलं, की मूल आपणहून वहीची मागची पानं उलटतं. येत्या कथालेखनाच्या तासाला हे जरूर करून बघा. आणि पालकहो, आज रात्री जेवताना मुलाला विचारा, 'शेवटचा राक्षस कोण होता रे?' उत्तर पूर्ण होईपर्यंत मधे बोलू नका.