पगाराच्या पुस्तकात पगार ठरवतो कोण?



वेतन व्यवस्थापन शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या टेबलावर एक अमेरिकी पुस्तक हटकून दिसते: जॉर्ज मिल्कोविच आणि जेरी न्यूमन यांचे ‘कॉम्पेन्सेशन’. पहिली आवृत्ती 1984 ची. पुढे बॅरी गेरहार्ट लेखकांत सामील झाले, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, सी. एस. वेंकट रत्नम यांच्या सहभागाने खास भारतीय आवृत्तीही आली. आपल्याकडच्या एमबीएच्या वाचन-याद्यांत हे नाव वर्षानुवर्षे टिकून आहे. या याद्या अधूनमधून नव्या होतात. त्या वेळी हे पुस्तक नुसते सवयीने पुढे चाल दिल्यासारखे पुन्हा छापले जाऊ नये, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

आधी पुस्तकाची बाजू. बाजारात परीक्षेपुरती जी मार्गदर्शके मिळतात, त्यांत वेतनाच्या सात व्याख्या, नऊ उद्दिष्टे आणि अकरा वैशिष्ट्ये असतात; सोडवून दाखवलेले उदाहरण औषधालाही नसते. मिल्कोविच-न्यूमन त्या जातीचे नाहीत. कामगिरीनुसार पगार, कौशल्यानुसार पगार, शेअरची लालूच अशी जी जी टूम निघाली, तिला ते पुरावा मागतात आणि पुरावा कच्चा असेल तर तसे स्पष्ट लिहितात. न्यूमन तर प्राध्यापक असूनही ओळख लपवून अमेरिकी फास्ट-फूडच्या दुकानांत काउंटरमागे राबले आणि त्या अनुभवावर 2007 मध्ये त्यांनी वेगळे पुस्तक लिहिले. कामांचे मोल गुणांकन पद्धतीने कसे काढायचे, हे या पाठ्यपुस्तकाइतके स्वच्छ क्वचितच कुठे मांडलेले सापडेल.

खोट आहे ती पायाभरणीत. या पुस्तकात पगार ठरवते ती कंपनी. पुस्तकाचा सगळा आराखडा चार धोरणांवर उभा आहे: कंपनीतल्या कामांची आपसातली उतरंड, बाहेरच्या बाजाराशी स्पर्धा, कर्मचाऱ्याचे योगदान आणि या साऱ्याचे व्यवस्थापन. चारही निर्णय मालकाच्या खोलीत होतात. कामगार संघटनांवर प्रकरण आहे, परदेशी वेतनपद्धतींवरही आहे. पण ती येतात उशिरा, पाहुण्यासारखी. भारतीय आवृत्तीनेही हा सांगाडा तसाच ठेवला, आणि ती 2019 च्या वेतन संहितेच्या आधीची आहे, ही अडचण वेगळीच.

आपल्याकडे मात्र पगारपत्रकावरचा जवळजवळ प्रत्येक रकाना भांडून मिळालेला आहे. बोनसच घ्या. पहिल्या महायुद्धात, 1917 मध्ये, मुंबईच्या गिरणीमालकांनी महागाईपोटी 10 टक्के युद्ध-बोनस दिला. तो हळूहळू वार्षिक रिवाज झाला, आणि 1923 चा बोनस नाकारताच 1924 च्या आरंभी गिरण्या बंद पडल्या. न्या. नॉर्मन मॅक्लिओड यांच्या समितीने कामगारांचा त्यावर हक्कच नाही, असा निर्वाळा दिला. पुढे 1950 मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या तंट्यात कामगार अपील न्यायाधिकरणाने बोनसचे सूत्र घालून दिले आणि 1965 मध्ये कायदा झाला. आज किमान 8.33 टक्के हा आकडा विद्यार्थी पाठ करतात. तो कोणत्या कंपनीच्या धोरणातून आला, असे विचारले तर या पुस्तकात उत्तर कसे सापडावे?

महागाई भत्त्याचेही तेच. तो निर्देशांकाला बांधलेला, म्हणून निर्देशांकच खोटा आहे अशी बोंब 1963 मध्ये मुंबईच्या कामगार संघटनांनी उठवली. राज्य सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. किमान वेतनाचा हिशेब तर 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने थेट ताटातून मांडला: प्रौढ माणसाला 2,700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, शिवाय घरभाडे आणि इंधन-दिवाबत्ती. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या खटल्यात शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्क्यांची भर घातली. बाजारभावाच्या पाहणीतून पगार काढायला शिकलेल्या पदवीधराला हा हिशेब परका वाटतो, कारण तो त्याला कधी शिकवलेलाच नसतो.

एक खटला जरा जवळून पाहण्यासारखा आहे. मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी या जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा लघुलेखिका होत्या. वरिष्ठ अधिकाऱ्यांना जोडलेल्या स्त्री लघुलेखकांना तिथे ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ म्हणत. पदनाम भारदस्त होते, पगार मात्र पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी. नोकरी संपल्यावर डिकॉस्टांनी 1976 च्या समान वेतन कायद्याखाली फरक मागितला. कंपनीचे म्हणणे असे, की या पदावर पुरुष नाहीतच, मग तुलना कोणाशी करायची? शिवाय संघटनेशी करार झालेला आहे आणि कंपनीची आर्थिक स्थितीही बेताची आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये तिन्ही सबबी झिडकारल्या. पदनाम काहीही असो, काम सारखे असेल तर पगार सारखा, आणि कायदा पाळायचा की नाही हे मालकाच्या ऐपतीवर ठरत नाही. फरकाची मूळ रक्कम जेमतेम सात हजारांच्या घरात होती, तरी कंपनी त्यासाठी दिल्लीपर्यंत लढली.

गंमत अशी, की हा खटला शिकवायला मिल्कोविच-न्यूमनचेच हत्यार सर्वांत उपयोगी आहे. कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती हे चार निकष घेऊन वर्गातल्या मुलांनी दोन्ही लघुलेखकांच्या कामांना गुण द्यावेत. बेरीज काय येते ते तासाभरात कळेल. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाअखेर ‘युअर टर्न’ नावाचा स्वाध्याय असतो. तिथे अमेरिकी कंपनीऐवजी मुंबईची कंपनी आली, तर काय बिघडेल?

आणि जिथे पुस्तकाची मोजपट्टीच तोकडी पडते, ती जागा बीडच्या ऊसतोड मजुरांमध्ये आहे. उत्पादनावर आधारित मजुरीच्या प्रकरणात एक माणूस, एक नग, एक दर असे समीकरण असते. ऊसतोडीत हिशेबाचे एकक आहे ‘कोयता’, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी टनावर, ती वळती होते मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेल्या उचलीत, आणि खाडा झाला तर दंड. बाईच्या श्रमाचा वेगळा रुपया कोणत्याच कागदावर उमटत नाही. जानेवारी 2024 मध्ये दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला, तोही कारखाने आणि संघटना यांच्या वाटाघाटीतून. माथाडींची व्यवस्था आणखी निराळी. 1969 च्या कायद्याने मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरतो, आणि भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा हे सारे मंडळ बघते. नोकरी एका मालकाची नसतानाही हक्क शाबूत ठेवणारी ही रचना. डिलिव्हरी करणाऱ्या पोरांच्या प्रश्नावर देशभर खल चालू असताना ती व्यवस्थापनाच्या वर्गात चर्चेलाही येऊ नये, हे अनाकलनीय आहे.

यावर ठरलेला आक्षेप येईल: आमची मुले हिंजवडीत आणि बांद्रा-कुर्ला संकुलात जाणार, त्यांना कोयता कशाला? ठीक, हिंजवडीचेच बघू. महिना एकूण मोबदला 50,000, त्यात मूळ वेतन 20,000 आणि बाकी भत्ते, ही तिथली नेहमीची मांडणी. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहितेसह लागू झालेल्या कामगार संहितांनुसार वगळता येणारे भत्ते निम्म्यापेक्षा जास्त असतील, तर वरची रक्कम वेतनातच धरायची. म्हणजे ग्रॅच्युइटीचा हिशेब 20,000 वर न होता 25,000 वर होणार. पाच वर्षांच्या नोकरीला 15 भागिले 26 च्या सूत्राने 57,692 रुपयांचे 72,115 झाले. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मनुष्यबळ विभागातल्या नवख्याला हा प्रश्न कोणीतरी विचारणार, आणि त्याने चार धोरणांचा आराखडा काढून दाखवला तर समोरचा हसेल.

तेव्हा पुस्तक यादीतून काढा, अशी मागणी नाही. ते ठेवावे, गुणांकनाची आणि पुराव्याची प्रकरणे त्यातूनच शिकवावीत. पण निम्मी प्रश्नपत्रिका मूळ कागदांवर असावी: किमान वेतनाची राज्य सरकारची एखादी अधिसूचना, परिमंडळे आणि विशेष भत्त्यासकट; डिकॉस्टा आणि रेप्टाकोसचे निकाल; चाकण किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्यातला त्रैवार्षिक वेतन करार. अभ्यास मंडळांवर उद्योगांचे प्रतिनिधी बसतात, त्यांच्या कपाटात अशा करारांच्या प्रती असतातच. कंपनीचे नाव खोडून त्यांतली एखादी वर्गात द्यायला कोणाची हरकत आहे, हे मंडळांनी एकदा त्यांना विचारावे.

आपला,
एक वाचक, पुणे