हजार ड्रोनची हमी कोण देणार?

१२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून धहरानला निघालेलं सौदी एअरलाइन्सचं विमान आणि दिल्लीत उतरायला येणारं कझाकस्तानचं विमान हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. सौदी विमानातले बरेच जण आखातात रोजीरोटीसाठी निघालेले होते. ज्या घरातला एक तरी माणूस आखातात आहे, त्या घरात ही बातमी कशी ऐकली गेली असेल हे सांगायला नको.

कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं. ते त्याखाली उतरलं आणि १४ हजार फुटांवर सौदी विमान होतं. या अपघातानंतर भारतात प्रवासी विमानांवर टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिचं प्रचलित नाव टीकास. दोन विमानं फार जवळ आली की त्यांच्यातली यंत्रं आपसात बोलतात आणि एका वैमानिकाला ‘वर जा’, दुसऱ्याला ‘खाली जा’ असं सांगतात.

मग प्रश्न सुटला का? नाही. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या उबरलिंगन गावावर पुन्हा दोन विमानं आदळली आणि ७१ जण मरण पावले. त्यातली बहुतेक रशियातल्या बाशकोर्तोस्तान या मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या प्रजासत्ताकातली शाळकरी मुलं होती, सुट्टीसाठी स्पेनला निघालेली. या वेळी दोन्ही विमानांत टीकास होतं आणि ते चालूही होतं. रशियन विमानाला यंत्राने ‘वर जा’ सांगितलं, पण जमिनीवरच्या कंट्रोलरने काही क्षण आधी ‘खाली या’ सांगितलं होतं. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. समोरच्या मालवाहू विमानाने यंत्राचं ऐकलं आणि तेही खाली आलं.

यंत्र बिघडलं नव्हतं. कंट्रोलरला यंत्राचा सल्ला दिसत नव्हता. वैमानिक हुकूम पाळत होते. जो तो आपल्या परीने बरोबर वागत होता आणि तरी सगळे मिळून चुकले. आज हे आठवायचं कारण म्हणजे ड्रोनचे थवे.

थवा म्हणजे नेमकं काय

१५ जानेवारी २०२१ च्या आर्मी डे संचलनात भारतीय सैन्याने ७५ ड्रोनचा थवा उडवून दाखवला. २९ जानेवारी २०२२ ला बीटिंग रिट्रीटमध्ये १,००० ड्रोननी दिल्लीच्या आकाशात आकृत्या काढल्या. मे २०२५ च्या भारत-पाकिस्तान संघर्षात दोन्ही बाजूंनी ड्रोन मोठ्या प्रमाणावर वापरले. आणि मे २०२१ मध्ये गाझावर इस्रायली सैन्याने ड्रोनचा थवा सोडल्याचं वृत्त ‘न्यू सायंटिस्ट’ने दिलं होतं.

यात एक फरक ओळखायला हवा. रोषणाईच्या शोमध्ये साधारणपणे प्रत्येक ड्रोनचा मार्ग आधीच आखून दिलेला असतो. खऱ्या थव्यात तसं नसतं. तिथे वरून हुकूम देणारा कुणी नाही. प्रत्येक यंत्र आपल्या शेजाऱ्यांकडे बघून, दोन-चार साध्या नियमांवरून स्वतः ठरवतं. मुंग्या आणि पक्षी असंच करतात. २०१४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात राधिका नागपाल यांच्या चमूने १,०२४ छोट्या रोबोटांकडून याच पद्धतीने आकृत्या बनवून घेतल्या. फायदा उघड आहे. दहा यंत्रं पडली तरी काम थांबत नाही. पूर, भूकंप, आग, शोधकार्य, सगळीकडे याचा उपयोग होऊ शकतो.

पण थव्याचं वागणं कोणत्याही एका यंत्रात लिहिलेलं नसतं. ते सगळ्यांच्या एकत्र वागण्यातून निघतं. मग थवा नीट वागेल, याची खात्री कशी करायची?

चाचणी का पुरत नाही

आपण म्हणू, उडवून बघा. शंभर वेळा उडवा, हजार वेळा उडवा. हिशेब करून बघू. समजा वीस ड्रोन आहेत आणि प्रत्येक ड्रोन फक्त दहा प्रकारच्या अवस्थांत असू शकतो. सगळ्यांच्या मिळून अवस्था होतात एकावर वीस शून्यं इतक्या. सेकंदाला १०० कोटी अवस्था तपासल्या तरी तीन हजार वर्षांहून जास्त वेळ लागेल. हजार वेळा उडवणं म्हणजे समुद्रातून ओंजळभर पाणी उचलून बघण्यासारखं आहे.

म्हणून दुसरा रस्ता निघाला, फॉर्मल व्हेरिफिकेशनचा, म्हणजे गणिती पुराव्याने केलेल्या पडताळणीचा. यात यंत्राचं वागणं तर्काच्या भाषेत मांडतात, मग अपेक्षा त्याच भाषेत लिहितात आणि ती अपेक्षा कुठल्याही परिस्थितीत मोडत नाही हे सिद्ध करतात. अपेक्षा मुख्यतः दोन जातींच्या असतात. ‘वाईट कधीच घडणार नाही’ ही एक, आणि ‘चांगलं कधी तरी घडेलच’ ही दुसरी. ‘नेहमी’ आणि ‘कधी तरी’ या शब्दांचा काटेकोर तर्क इब्ने सीनानेही हजार वर्षांपूर्वी आपल्या मंतिकमध्ये मांडला होता. संगणकशास्त्रात काळाचा हा तर्क १९७७ मध्ये आमिर प्नुएली यांनी आणला. पुढे क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांनी अशी तपासणी संगणकाकडून आपोआप करून घेण्याची पद्धत विकसित केली. त्यासाठी त्यांना २००७ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हे फक्त कागदावर राहिलेलं नाही. पॅरिसची चालकविरहित मेट्रो लाइन १४ ही १९९८ मध्ये सुरू झाली. तिच्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरची पडताळणी गणिती पुराव्याने केलेली आहे.

चार रोबोटांची गोष्ट

थव्याच्या बाबतीत हा पुरावा काय दाखवतो, ते एका साध्या उदाहरणावरून बघू. समजा नियम असा आहे: ‘फिरत राहा, पण किमान एक शेजारी तुझ्या टप्प्यात असू दे. एकटा पडलास तर मागे वळ.’ हेतू हा की थवा एकत्र राहावा. नियम ऐकायला ठीक वाटतो.

आता चार रोबोट घ्या. दोघांची एक जोडी झाली, उरलेल्या दोघांची दुसरी. प्रत्येकाला एक शेजारी आहे, म्हणजे मागे वळायचं कारण कुणालाच नाही. एक जोडी पूर्वेला गेली, दुसरी पश्चिमेला. नियम कुणीही मोडला नाही आणि थवा मात्र कायमचा फुटला.

ब्रिटनमध्ये क्लेअर डिक्सन, मायकल फिशर आणि अ‍ॅलन विनफिल्ड यांच्या गटाने २०११-१२ च्या सुमारास याच जातीच्या नियमाची संगणकाकडून तपासणी केली. मोजकेच रोबोट, लहानशी चौकट. तरीही किती शेजारी हवेत, कोण कधी हलतो, एवढ्या बारीक फरकाने उत्तर ‘होय’चं ‘नाही’ होत होतं. आणि उत्तर ‘नाही’ आलं की संगणक नुसतं नाही म्हणत नाही. कोणत्या पावलाने गडबड झाली, तो सगळा क्रमच तो समोर ठेवतो. शंभर चाचण्यांत न सापडणारी चूक अशी हाती लागते.

पुढची अडचण संख्येची आहे. तीन रोबोटांसाठी सिद्ध झालेली गोष्ट तीनशेंसाठी खरी असेल का? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले आलेसियो लोमुस्चियो आणि त्यांचे सहकारी यावर काम करतात. काही प्रकारच्या नियमांसाठी ते दाखवू शकतात की अमुक लहान संख्येपर्यंत तपासलं तर पुढे कितीही यंत्रं आली तरी निकाल तोच राहतो. पण सगळ्या थव्यांना लागू पडेल अशी एकच पद्धत शक्य नाही. तिची अशक्यता अ‍ॅप्ट आणि कोझेन यांनी १९८६ मध्येच सिद्ध केली आहे. म्हणजे ‘आमची कुठलीही यंत्रणा शंभर टक्के तपासलेली असते’ असं कुणी सरसकट म्हणालं, तर तो एक तर अडाणी आहे किंवा विक्रेता आहे.

पुरावा कशाचा?

इथेच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा येतो. गणित सिद्ध करतं ते फक्त विचारलेलं वाक्य, आणि तेही धरलेल्या गृहीतांवर. ‘दोन्ही वैमानिक यंत्राचं ऐकतील’ असं धरलं तर टीकासचा सल्ला बरोबरच होता. उबरलिंगनच्या रात्री ते गृहीतच मोडलं. कंट्रोलर आणि यंत्र यांचं म्हणणं वेगळं पडलं तर यंत्राचं ऐका, हा नियम त्यानंतर जगभर स्पष्ट करण्यात आला आणि सॉफ्टवेअरही सुधारलं. पण ती मुलं परत आली नाहीत.

आता हा प्रश्न युद्धाला लावून बघा. ‘थव्यातली यंत्रं एकमेकांवर आदळणार नाहीत’ हे तर्काच्या भाषेत लिहिता येतं. ‘ठरलेल्या हद्दीबाहेर जाणार नाहीत’ हेही लिहिता येतं. पण ‘निरपराध माणूस मरणार नाही’ हे कसं लिहिणार? निरपराध कोण, हे कॅमेऱ्यातल्या ठिपक्यांवर लिहिलेलं नसतं. पाणी आणायला निघालेला मुलगा आणि हत्यार घेतलेला माणूस यांतला फरक जर यंत्राला नीट दिसतच नसेल, तर त्यापुढचा सगळा पुरावा हवेत बांधलेला आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं स्वायत्त शस्त्रांबद्दलचं धोरण २०१२ मध्ये आलं, जानेवारी २०२३ मध्ये नव्याने आलं. त्यात कठोर पडताळणीची अट आहे. अट चांगली आहे. पण कोणतं वाक्य सिद्ध करायचं, हे ठरवणारा शस्त्र बनवणारा किंवा वापरणाराच असतो. ज्यांच्या डोक्यावर ते उडणार, त्यांना कुणी विचारत नाही.

हे फक्त परदेशाचं नाही. २२ डिसेंबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत स्वायत्त शस्त्रांबद्दल चिंता व्यक्त करणारा ठराव १५२ मतांनी मंजूर झाला. विरोधात फक्त चार मतं पडली आणि त्यात भारताचं एक होतं. ही चर्चा जिनिव्हातल्या दुसऱ्या मंचावर व्हावी अशी आपल्या सरकारची भूमिका आहे. ती भूमिका पटो न पटो, या विषयावर आपल्या संसदेत आणि माध्यमांत जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही, हे मात्र खरं. संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी बंधनकारक करारासाठी २०२६ हे वर्ष सांगितलं होतं.

आपण काय विचारायचं

उंट बांधल्याशिवाय तवक्कल होत नाही, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. गणिती पडताळणी ही ती गाठ आहे. गाठ मारायलाच हवी. पण गाठ कुठल्या खुंटीला मारली, हेही बघायला हवं.

म्हणून उद्या शहरात पोलिसांचे ड्रोन आले, शेतात फवारणीचे थवे आले किंवा सीमेवर शस्त्रांचे आले आणि कुणी म्हणालं ‘सगळं तपासलेलं आहे’, तर तीन प्रश्न विचारावेत. नेमकं कोणतं वाक्य सिद्ध केलं? काय गृहीत धरून? आणि ते गृहीत मोडलं तर थांबवणारा माणूस कोण, जबाबदारी कुणाची? हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

इंजिनिअर मात्र हवेतच. आपली मुलं-मुली कॉम्प्युटर सायन्सला मोठ्या संख्येने जात आहेत, पण बहुतेकांची नजर पहिल्या नोकरीवर असते. तर्क आणि पुराव्याचा हा भाग अवघड म्हणून ऐच्छिक विषयांत मागे पडतो. आपल्या मदरशांत दर्से निजामीत मंतिक आजही शिकवलं जातं, मग तर्काचं आपल्याला वावडं कशाला? थव्याच्या नियमांत कोणतं वाक्य लिहायचं हे जिथे ठरतं, त्या टेबलावर आपल्यातलंही कुणी तरी बसलेलं असावं. नाही तर ते वाक्य आपल्यासाठी दुसरंच कुणी तरी लिहील.