शय्याव्रणावरील फ्लॅप शस्त्रक्रिया : निर्णय आणि निगा



खुब्याचे हाड मोडते किंवा पक्षाघाताचा झटका येतो आणि घरातील वडीलधारी व्यक्ती अंथरुणाला खिळते. काही दिवसांनी अंग पुसताना माकडहाडापाशी लालसर डाग दिसतो. दुर्लक्ष झाले तर त्याच जागी जखम होते आणि ती आत पोखरत जाते. हेच शय्याव्रण, म्हणजे बेडसोर. जखम हाडापर्यंत पोचल्यावर डॉक्टर ‘फ्लॅप’ शस्त्रक्रियेचा उल्लेख करतात आणि कुटुंब गोंधळते. या वयात हे करावे काय? केल्याने जखम कायमची बरी होईल काय?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की प्रत्येक शय्याव्रणाला शस्त्रक्रिया लागत नाही. त्वचेचा वरचा थर सोलला गेला असेल, तर दाब काढणे, स्वच्छता, योग्य ड्रेसिंग आणि आहार यांनी बहुतेक जखमा भरून येतात. चरबी, स्नायू वा हाड उघडे पडले असेल आणि प्रकृती साथ देत असेल, तरच फ्लॅपचा विचार होतो.

फ्लॅप म्हणजे काय, हे समजण्यासाठी आपल्याच मुलुखातील एक जुनी हकिकत उपयोगी पडेल. १७९२च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ विटा करणाऱ्या समाजातील एका शस्त्रवैद्याने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून नवे नाक घडविले. हा वृत्तांत ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आला. त्यातील मर्म असे की कपाळाची त्वचा पूर्ण तोडली नव्हती. दोन भुवयांमध्ये तिचा एक पट्टा जोडलेला ठेवला होता आणि त्यातून रक्त वाहत राहिल्याने नवे नाक जगले. सुमारे पंचविसाव्या दिवशी तो पट्टा कापत. शस्त्रक्रियेनंतर पाचसहा दिवस रुग्णाला उताणे निजवून ठेवीत, हेही त्या वृत्तांतात नमूद आहे.

शय्याव्रणातील फ्लॅपचे तत्त्व हेच. मांडीवरून पातळ त्वचा काढून लावणे याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. पण ती हाडावरचा दाब सोसू शकत नाही. फ्लॅपमध्ये नितंबाची वा मांडीची त्वचा, तिच्याखालील चरबी आणि गरज पडल्यास स्नायू, स्वतःच्या रक्तवाहिनीसह सरकवून खड्ड्यावर बसवितात. त्यामुळे हाडावर जिवंत आणि जाड आच्छादन तयार होते.

मात्र त्याआधी तयारी लागते. कुजलेला भाग काढणे, हाडातील संसर्ग तपासणे, साखर आटोक्यात आणणे, रक्तक्षय दूर करणे ही डॉक्टरांची कामे. घरच्यांचे काम आहाराचे. अशा रुग्णाला रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या आजींना हे प्रमाण साडेबासष्ट ते पंचाहत्तर ग्रॅम होते. दूध, दही, अंडी, डाळी, मटकीची उसळ यांतून ते हळूहळू गाठावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांना विचारूनच. तंबाखू आणि मिश्री बंद झालीच पाहिजे, कारण निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप काळा पडू शकतो.

खरी कसोटी शस्त्रक्रियेनंतर लागते. साधारण तीन ते सहा आठवडे त्या जागेवर भार पडू द्यायचा नसतो. बसण्याची परवानगीही प्रथम काही मिनिटांचीच मिळते आणि ती टप्प्याटप्प्याने वाढविली जाते. म्हणून घरी सोडताना एक गोष्ट आवर्जून विचारावी : प्रवास कसा करायचा? मिरजेहून जतला किंवा कऱ्हाडहून माणला गाडीत बसवून नेले, तर रस्त्यातील खड्ड्यांनीच टाके उसवण्याची भीती असते. डॉक्टर सांगतील त्या कुशीवर निजवून, रुग्णवाहिकेतून न्यावे.

घरी दर दोन तासांनी कूस बदलणे हा मूलमंत्र. हवेची गादी मदत करते, पण कूस बदलण्याचे काम ती करीत नाही. रुग्णाला ओढू नये, चादरीसह उचलून सरकवावे. पाठीमागे उशी देऊन किंचित कलते निजवावे. रबरी रिंग वापरू नये, तिच्या कडांनी उलट रक्त अडते. लाल डागावर मालीश करू नये. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तेथे कढतपणा वा कडकपणा हाताने पाहावा. लघवी-शौचाची ओल तत्काळ पुसावी. फ्लॅपचा रंग बदलला, पू वा दुर्गंधी आली, ताप चढला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

येथेच निर्णयाचे उत्तर दडले आहे. जखम ज्या दाबाने झाली तो तसाच राहिला, तर फ्लॅपखालीही ती पुन्हा होते. शस्त्रक्रियेची तारीख ठरविण्याआधी घरी बसून रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. दिवसा घरची माणसे रानात वा कामावर जात असतील, तर दुपारी कूस कोण बदलणार, हे कागदावर लिहून भिंतीला लावावे. हे सारे एकट्या सुनेच्या किंवा वृद्ध पत्नीच्या माथी पडत असेल, तर फ्लॅप टिकणे अवघड आहे आणि ती बाईही आजारी पडेल.

आणि आयुष्याची संध्याकाळ अगदी जवळ आलेली असेल, भूल सोसण्याची ताकद उरली नसेल, तर शस्त्रक्रिया नाकारणे हा निष्काळजीपणा नव्हे. तेव्हा वेदना कमी ठेवणे, दुर्गंधी आवरणे, अंग कोरडे ठेवणे हेच उपचार होतात. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, “या जखमेवर उपाय काय?” आणि त्याचबरोबर, “यांना यातून काय लाभेल?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ऐकताना शक्य असेल तर आजोबा-आजींनाही जवळ बसवून घ्या. देह त्यांचा आहे, त्यांचे म्हणणे आधी ऐकावे.